नायक पडतो खरा, पण थांबतो कसा?

मी चित्रपटांचा जाणकार नव्हे. वर्षातून चार-पाच चित्रपट पाहतो, तेही घरच्या मुलांना कोणीतरी मोठे माणूस सोबत हवे असते म्हणून. लहानपणी गणेशोत्सवात रस्त्यावर पांढरा पडदा बांधून चित्रपट दाखवत. तेव्हा पडद्याच्या मागच्या बाजूला बसून, सगळी माणसे डावखुरी दिसत असतानाही, मी मारामारीचे चित्रपट डोळे विस्फारून पाहिले आहेत. ती आवड अजून टिकून आहे. फरक एवढाच, की मधल्या काळात पदार्थविज्ञान शिकवण्याचा व्यवसाय पत्करला आणि हाताला आकडेमोडीची सवय लागली. त्यामुळे घरातले कोणी चित्रपटगृहात माझ्या शेजारी बसायला तयार नसते. "बाबा, तुम्ही पुटपुटता," अशी मुलीची तक्रार आहे. आमच्या महाविद्यालयातील मराठीचे एक सहकारी म्हणतात, "सिनेमात भौतिकी शोधणारा माणूस म्हणजे लग्नाच्या पंगतीत उखाण्याचे व्याकरण तपासणारा पाहुणा!"

त्यांचे म्हणणे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. गोष्ट सांगणाऱ्याला थापा मारण्याचा हक्क असतो. आजीच्या गोष्टीतील राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, तेव्हा आपण जीवशास्त्राचे पुस्तक उघडत नाही. २०२१ साली आलेल्या 'एफ ९' या इंग्रजी चित्रपटात दोन मित्र एका जुन्या मोटारीला रॉकेट बांधून थेट अंतराळात जातात. मी खदखदा हसलो आणि गप्प बसलो. अशी मोठी थाप कोणाचे नुकसान करीत नाही, कारण ती थाप आहे हे तिसरीतल्या मुलालाही कळते. ते पाहून घरच्या गाडीला कोणी रॉकेट बांधणार नाही.

माझी तक्रार आहे ती लहान थापांविषयी. या थापा खऱ्यासारख्या दिसतात, शंभर चित्रपटांत पुन्हा पुन्हा येतात आणि नकळत आपल्या अंगवळणी पडतात. त्यांतली सर्वात धोक्याची थाप पडण्याविषयीची आहे. नायक कड्यावरून पाण्यात पडतो आणि केस झटकत वर येतो. नायिका दहाव्या मजल्यावरून पडते आणि नायक तिला जमिनीपासून हातभर अंतरावर झेलतो. दोघेही पुढच्याच दृश्यात गाणे म्हणण्याइतके ठणठणीत असतात.

ही तक्रार मला वर्गात सुचलेली नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या अकरावीच्या वर्गातील एक मुलगा पावसाळ्यात मित्रांबरोबर गावाबाहेरच्या पुलावर गेला होता. पूल सुमारे दहा मीटर उंच. खाली गढूळ, फुगलेले पाणी. पैज लागली आणि त्याने उडी मारली. वरून पाणी खोल वाटत होते. प्रत्यक्षात गाळ साचून तिथे जेमतेम कमरेइतके पाणी उरले होते. पाठीच्या कण्याचे दोन मणके दबले. रुग्णालयात भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "सर, खाली पाणीच होतं ना, म्हणून काही वाटलं नाही. सगळे मारतात की अशी उडी." सगळे म्हणजे कोण, असे मी विचारल्यावर तो थोडा ओशाळला. पुलावरून उडी मारलेला एकही माणूस त्याने प्रत्यक्षात पाहिलेला नव्हता. त्याने पाहिले होते ते पडद्यावर.

दोष एकट्या चित्रपटांचा होता, असे मी म्हणणार नाही. त्याच मुलाला त्याच वर्षी मी मुक्तपतनाचा धडा शिकवला होता. दहा मीटरवरून पडणाऱ्या वस्तूचा जमिनीवर पोहोचतानाचा वेग त्याने परीक्षेत अचूक काढला असता. पण आमच्या धड्यातली वस्तू जमिनीवर पोहोचली की गणित संपते. माणसाचा प्रश्न तर तिथूनच सुरू होतो! म्हणून आज हे राहिलेले अर्धे गणित तुमच्यासमोर मांडतो. ते इतके सोपे आहे, की चित्रपटगृहाच्या अंधारात तोंडी करता येईल.

पडणारा माणूस वेग घेत येतो. हा वेग शून्यावर आणायचा, तर त्याला कशाने तरी उलट दिशेने ढकलले पाहिजे. ते ढकलणारे बल किती मोठे लागेल? पडताना गुरुत्वाकर्षणाने जेवढे कार्य केले, तेवढे सगळे कार्य थांबवणाऱ्या बलाला थांबण्याच्या अंतरात उलट करावे लागते. शिवाय थांबत असतानाही वजन खाली ओढतच असते. हा हिशेब मांडला की उत्तर असे येते: पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागा आणि त्यात एक मिळवा. जी संख्या येईल, तितक्या पटीने, म्हणजे आपल्या वजनाच्या तितक्या पट, बल सरासरीने अंगावर येते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे सूत्र स्वतः सिद्ध करून पाहावे. चार ओळींचे काम आहे. माणसाचे वस्तुमान त्यातून निघून जाते, हे पाहून गंमत वाटेल.

आता हे सूत्र वापरू या. एक मीटर उंचीच्या बाकावरून तुम्ही उडी मारता आणि गुडघे वाकवत अर्ध्या मीटरमध्ये थांबता. एक भागिले अर्धा म्हणजे दोन, अधिक एक. तिप्पट वजनाइतके बल. रोजचीच गोष्ट आहे. तीच उडी पाय ताठ ठेवून मारली आणि शरीर दोन सेंटीमीटरमध्ये थांबले, तर पन्नास अधिक एक, म्हणजे एक्कावन्न पट! उंची तीच, वेग तोच, फक्त थांबण्याचे अंतर बदलले. गुडघे वाकवायला आपल्याला कोणी शिकवलेले नसते. शरीराला हे सूत्र आधीच ठाऊक असते. (ताठ पायांची उडी मात्र कृपा करून करून पाहू नये.)

एक्कावन्न पट म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून एक खरी घटना सांगतो. १९५४ साली अमेरिकन वायुदलातील डॉक्टर कर्नल जॉन स्टॅप यांनी स्वतःला रुळांवरून धावणाऱ्या रॉकेटच्या घसरगाडीवर पट्ट्यांनी जखडून घेतले. गाडीने ताशी सुमारे १,००० किलोमीटर वेग घेतला आणि ती अवघ्या दीड सेकंदाच्या आत थांबवण्यात आली. स्टॅप यांच्या अंगावर त्यांच्या वजनाच्या सुमारे ४६ पट बल आले. ते वाचले, पण डोळ्यांतील रक्तवाहिन्या फुटून काही काळ त्यांना दिसेनासे झाले होते. तेही सर्व बाजूंनी घट्ट बांधलेले असताना. तेव्हा चाळीस-पन्नासचा आकडा दिसला की सावध व्हावे, आणि शंभरच्या पुढे गेला की नायकाची आशा सोडावी.

या मापाने आता पडद्याकडे पाहू. १९७८ सालच्या 'सुपरमॅन' चित्रपटात उंच इमारतीवरून कोसळणाऱ्या लोइस लेन या तरुणीला सुपरमॅन वर झेपावत अधांतरी झेलतो. समजा ती ८० मीटर पडली आणि त्याचे हात ४० सेंटीमीटर खाली गेले. ऐंशी भागिले शून्य दशांश चार, म्हणजे दोनशे, अधिक एक. तिच्या दृष्टीने सुपरमॅनचे पोलादी हात आणि खालचा रस्ता यांत फारसा फरक नाही. त्यातून तो वर येत असल्यामुळे टक्कर आणखी जोराची! खरे तर उपाय अगदी सोपा आहे. त्याने वर न जाता तिच्याबरोबर खाली पडत राहावे, तिचा वेग गाठावा, तिला धरावे आणि मग हळूहळू वेग कमी करावा. थांबण्यासाठी चाळीस मीटर घेतले, तर बल फक्त तिप्पट. बाकावरून मारलेल्या उडीइतके! दृश्याचा थरार कमी न होता ती वाचली असती.

'फ्युरियस ६' या २०१३ सालच्या चित्रपटात नायक धावत्या मोटारीतून दोन पुलांमधल्या पोकळीवरून झेप घेतो, समोरून फेकल्या गेलेल्या नायिकेला हवेतच पकडतो आणि दोघे पलीकडच्या पुलावरील एका मोटारीच्या काचेवर आदळतात. मोटारीवर पडले म्हणून वाचले, असे आपण समजायचे. वेग ताशी ७२ किलोमीटर धरा. हा वेग वीस मीटरवरून, म्हणजे सहा-सात मजल्यांवरून, पडल्यावर येतो तितकाच आहे. पत्रा आणि काच मिळून वीस सेंटीमीटर दबली असे उदारपणे मानले, तरी शंभर पटीच्या वर बल येते. मोटार ही काही गादी नव्हे.

परंतु सगळेच चित्रपट असे नसतात, हेही सांगितले पाहिजे. २०१४ सालच्या 'द अमेझिंग स्पायडर-मॅन २' मध्ये ग्वेन ही नायकाची मैत्रीण घड्याळाच्या मनोऱ्यात कोसळते. नायकाच्या जाळ्याचा धागा तिला तळाशी पोहोचता पोहोचता पकडतो, पण ती वाचत नाही. चित्रपटगृहात काही मुले रडत होती. मीही गप्प झालो. मूळ चित्रकथा १९७३ सालची. तीत तिच्या मानेपाशी हाड मोडल्याचा एक छोटासा आवाज चित्रातच लिहिलेला आहे. पुढे संपादकांनीही खुलासा केला, की अचानक थांबण्याच्या हिसक्यानेच ती गेली. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी हेच उदाहरण घेऊन विद्यार्थ्यांना संवेगातील बदल शिकवला आणि २००५ साली 'द फिजिक्स ऑफ सुपरहिरोज' या पुस्तकात ते मांडले. सुपरमॅनच्या दृश्यापेक्षा मला हे दृश्य अधिक आवडते. कारण इथे गोष्टीतील दुःख निसर्गनियमातून आले आहे. नायकाने वेळ गाठली, तरी अंतर अपुरे पडले.

आपल्याकडचे उदाहरण म्हणून २०२२ सालचा तेलुगू चित्रपट 'आरआरआर' घेऊ. त्यात नदीत अडकलेल्या एका मुलाला वाचवण्यासाठी दोन नायक एका दोराला बांधून पुलाच्या दोन बाजूंनी उड्या घेतात आणि झोके घेत एकमेकांना पार करतात. बाकी सारा चित्रपट म्हणजे थापांचा डोंगर आहे, आणि मी तो अतिशय आनंदाने पाहिला! पण झोक्याची कल्पना मला पसंत पडली. दोर ताणलेला ठेवून आडव्या स्थितीतून झोका घेतला, तर अगदी तळाशी दोरावर वजनाच्या तिप्पट ताण येतो. आणखी गंमत म्हणजे दोर दहा मीटरचा असो वा पन्नास मीटरचा, उत्तर तिप्पटच राहते. बळकट मनुष्य हा ताण सोसू शकतो. मात्र दोर सैल असेल, माणूस वीस मीटर सरळ खाली पडला असेल आणि मग न ताणणाऱ्या दोराने त्याला अर्ध्या मीटरमध्ये रोखले असेल, तर एक्केचाळीस पट! सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणाऱ्या आपल्या गिर्यारोहकांना हे चांगले माहीत असते. कडा चढताना ते मुद्दाम ताणला जाणारा दोर वापरतात. अशा दोराचा लवचीकपणा म्हणजेच थांबण्याचे अंतर.

आता पाण्याकडे वळू, कारण आमचा विद्यार्थी फसला तो तिथेच. पाणी मऊ असते ही समजूत अर्धीच खरी आहे. खेड्यातल्या मुलांना हे शहरातल्यांपेक्षा अधिक कळते. विहिरीत सूर मारताना अंग चुकून पोटावर पडले, की पोट लालबुंद होते आणि डोळ्यांसमोर काजवे चमकतात. पाण्याला बाजूला सरायला वेळ लागतो. हातांनी किंवा पायांनी पाणी कापत गेलात, तर ते हळूहळू थांबवते. पसरट पडलात, तर काही सेंटीमीटरमध्येच जोराचा फटका देते. ऑलिम्पिकमधील पाण्यातील उड्यांचा सर्वांत उंच मंच दहा मीटरचा असतो, म्हणजे आमच्या पुलाएवढाच. पण त्याखालचे पाणी साडेचार ते पाच मीटर खोल ठेवतात आणि खेळाडू वर्षानुवर्षे सराव करून तिथवर पोहोचतात. पाण्यात शिरताना त्यांचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो. जागतिक स्पर्धांत पुरुषांसाठी २७ मीटर उंचीवरून उड्या असतात. तिथे वेग ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणून ते स्पर्धक डोके वर ठेवून पायांवर पाण्यात शिरतात आणि पाण्यात मदतनीस तयार असतात. चित्रपटातला नायक याहून दुप्पट उंचीवरून, पाठमोरा, गोळी लागलेली असताना पडतो!

कोणी म्हणेल, मग खरोखरच्या धाडसाला चित्रपटात जागाच नाही काय? आहे, आणि ते धाडस मला फार आवडते. २०२३ सालच्या 'मिशन इम्पॉसिबल' मालिकेतील चित्रपटासाठी टॉम क्रूझ या अभिनेत्याने नॉर्वेमधील एका कड्यावरून मोटारसायकलसह खरोखर झेप घेतली आणि खाली येताना हवाई छत्री उघडली. ते चित्रण २०२० साली झाले. एका दिवसात त्याने ही झेप सहा वेळा घेतली. त्याआधी विमानातून पाचशेहून अधिक उड्या आणि मोटारसायकलवरून हजारो झेपा, असा सराव त्याने केला होता, असे निर्माते सांगतात. २०१६ साली कॅलिफोर्नियात ल्यूक एकिन्स हा मनुष्य सुमारे ७,६०० मीटर उंचीवरून हवाई छत्रीशिवाय विमानातून पडला आणि सुखरूप उतरला. कशावर? सुमारे तीस मीटर लांब व तितक्याच रुंद अशा एका जाळ्यावर. हवेच्या अवरोधामुळे त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास स्थिरावला होता, आणि जाळे सावकाश खाली जात त्याला थांबवत गेले. इतक्या उंचीवरून पडूनही तो का वाचला, हे आता तुम्हीच सांगाल. म्हणूनच चित्रपटातील साहसदृश्ये करणारी मंडळी उडीच्या जागी पूर्वी रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची रास रचत आणि आता हवेच्या मोठ्या पिशव्या ठेवतात. खोके चिरडते, पिशवीतली हवा निसटते, आणि माणसाला दोन-तीन मीटर अंतर मिळते.

पडद्यावर आपल्याला नायक दिसतो, पण खोकी दिसत नाहीत. 'शोले'मध्ये हेमामालिनीचा टांगा आठवतो, पण तिच्याऐवजी ती धोक्याची दृश्ये करणाऱ्या रेश्मा पठाण यांचे नाव अनेकांना ठाऊक नसते. मुंबईत 'हंटरवाली' (१९३५) पासून स्वतःची साहसदृश्ये स्वतः करणाऱ्या नादियाला तरी लोकांनी डोक्यावर घेतले होते. ऑस्कर पुरस्कारांत साहसदृश्यांच्या रचनेसाठी वेगळा पुरस्कार ठेवण्याचा निर्णय २०२५ साली जाहीर झाला आणि तो पहिल्यांदा २०२८ मध्ये द्यायचे ठरले. उशिरा का होईना, ठीक झाले. माझे मत असे, की चित्रपटाच्या शेवटी दोन मिनिटे ती खोकी, ते दोर, ती जाळी दाखवावी. काही चित्रपट हे करतातही. त्याने मजा कमी होत नाही, उलट वाढते.

शेवटी एक आकडा तुमच्या रोजच्या उपयोगाचा. पडद्यावरचा नायक दुचाकीवर शिरस्त्राण घालत नाही, कारण त्याचा चेहरा दिसला पाहिजे. समजा, दुचाकीवरून पडून तुमचे डोके दीड मीटरवरून रस्त्यावर आदळले. उघडे डोके दोन-तीन मिलिमीटरमध्ये थांबते. आपले सूत्र सांगते, पाचशे ते साडेसातशे पट. शिरस्त्राणाच्या आत थर्मोकोलसारखा जाड थर असतो. तो अडीच सेंटीमीटर दबला, तर सुमारे साठ पट. हा हिशेब ढोबळ आहे, पण डोक्याच्या बाबतीत तेवढ्या फरकावर बरेच काही अवलंबून असते. त्या थराचे काम एवढेच, की स्वतः चुरगळून डोक्याला थोडे अंतर मिळवून द्यायचे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. मुक्तपतनाचा धडा वस्तू जमिनीवर पोहोचली म्हणून संपवू नये. आणखी पाच मिनिटे घेऊन ती थांबते कशी, हेही विचारावे. मी स्वतः अनेक वर्षे वर्गात उडणाऱ्या नायकांची थट्टा करून हशा मिळवत आलो. ती थट्टा चुकीच्या जागी होती. उडणाऱ्या नायकावर कोणाचाच विश्वास नसतो, पण पाण्यात पडणाऱ्या नायकावर माझ्याच विद्यार्थ्याचा होता.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक प्रयोग. गच्चीवरून मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली एक कच्चे अंडे खाली सोडायचे आहे आणि ते फुटता कामा नये. आधी गच्चीची उंची मोजा. मग अंड्याभोवती किंवा खाली काय ठेवाल, ते किती सेंटीमीटर दबेल आणि बल किती पट येईल, हे कागदावर लिहा. त्यानंतरच अंडे सोडा. भुसा, चिंध्या, पुठ्ठा, फुगे, जे हाताशी असेल ते वापरून पाहा.

तो मुलगा आता हिंडू-फिरू लागला आहे. जड ओझे मात्र त्याला उचलता येत नाही. मागच्या वर्षी आमच्या विज्ञान प्रदर्शनात याच प्रयोगाच्या टेबलापाशी तो उभा होता. लहान मुले अंडी घेऊन आली, की तो प्रत्येकाला आधी एकच प्रश्न विचारत होता, "थांबायला किती जागा ठेवली आहेस?"